साक्षीदाराचा रकाना

मॅडमना कुणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं, की त्या आधी मनगटावरच्या घड्याळाकडे बघायच्या. खरोखरच सकाळ आहे अशी खात्री झाली की मान हलवायच्या. तोंडानं उत्तर मात्र नाही. सकाळ चांगली आहे की नाही हे इतक्या लवकर कसं सांगणार, असं त्यांचं म्हणणं असावं.

कोळवणच्या खोऱ्यात आमच्या संस्थेनं चार भातखाचरं भाड्यानं घेतली होती आणि बांधाला लागून पत्र्याची एक खोली उभी केली होती. खोलीत उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर, जनरेटर, दोन टेबलं आणि मॅडम. मोठी प्रयोगशाळा पुण्यात होती, पण मॅडम तिथे फारशा जात नसत आणि तिथल्यांनाही त्याचं दुःख नव्हतं. मी एम.एस्सी. होऊन सहायक म्हणून रुजू झाले तेव्हा ऑर्डर हातात देताना पुण्याच्या कारकुनानं 'जपून' एवढंच म्हटलं.

पहिल्याच दिवशी मॅडमनी मला कागदावर पूर्ण नाव लिहायला सांगितलं. एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत, मग पुन्हा मराठीत. कागदाची घडी केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. मी उरवड्याची. वडील तिथल्याच कारखान्यात, घर बौद्धवाडीत. आमचं आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काय होतं ते मला शाळेपासून ओळखता येतं. मॅडमच्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही, पण कागद ड्रॉवरमध्ये गेला. मी मनात म्हटलं, झालं, इथेही तेच.

त्यांचा विश्वास कशावरच नव्हता. चहा स्वतः करायच्या, कारण दुसऱ्यानं केला तर साखर किती पडली ते कळत नाही. फ्रीझरमध्ये नमुन्यांच्या नळ्यांमध्ये एक नुसत्या पाण्याची नळी ठेवायच्या, आणि तिचा नंबर आम्हाला सांगायच्या नाहीत. त्या नळीतून काही निष्कर्ष निघाला, तर आम्ही बाकीचेही मनानेच काढतोय हे सिद्ध. पौडच्या रस्त्याला 'अस्सल मुळशी आंबेमोहोर' अशा पाट्या लावून लोक पोती मांडून बसतात. मॅडम जीप थांबवायच्या, दोन दाणे तोंडात टाकून बराच वेळ चावायच्या आणि 'हा नाही' म्हणून परत जीपमध्ये बसायच्या. एकदा एका पोतेवाल्यानं ऐकवलंच, "बाई, घ्यायचा आसंल तर घ्या, न्हाईतर फुडं व्हा. खाऊन खाऊन निम्मं पोतं संपवलं तुमी." मॅडमना राग आला नाही. जीप सुरू झाल्यावर मला म्हणाल्या, "बघ, अस्सल आहे असं तो एकदाही म्हणाला नाही."

आणि त्यांची ती वही. लांबडी, जाड पुठ्ठ्याची. प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले चार रकाने: काय झालं, कुणामुळे, कशावरून, साक्षीदार. वीज गेली, नळीचं झाकण सैल निघालं, बांधावर अनोळखी चपलेचा ठसा दिसला, सगळं त्या वहीत. दुसरा रकाना भरताना परीक्षेतल्या पोरीसारखा डावा हात आडवा धरायच्या. शेवटचा रकाना मात्र झाकायच्या नाहीत, कारण त्यात झाकण्यासारखं काही नसायचं. तो कायम रिकामा. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "बघितलं म्हणणारे खूप असतात. साक्षीदार मिळणं अवघड."

आता कामाविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. भाताच्या पेशीत हजारो जनुकं असतात. त्यातली काही स्वतः राबत नाहीत, दुसऱ्यांना कामाला लावतात किंवा घरी बसवतात. मॅडम त्यांना मुकादम म्हणायच्या. या मुकादमांची घराणी असतात. गहू, ज्वारी, भात हे सगळे एकाच गवताच्या पोटात होते तेव्हा एखाद्या मुकादमाची चुकून नक्कल झाली. मूळचा आपलं काम करत राहिला, नकलेला काम उरलं नाही. बहुतेक नकला मोडून पडतात, काही गप्प बसून राहतात. आणि एखादी, फार फार काळानं, भलत्याच वेळी भलत्यालाच हाक मारायला लागते. "मूळ सरळ असतं. लक्ष ठेवायचं ते नकलेवर," असं मॅडम म्हणायच्या, आणि म्हणताना बहुधा माझ्याकडेच बघायच्या.

आंबेमोहोरातल्या अशाच एका गप्प नकलेवर त्यांची नोकरीतली शेवटची वर्षं चालली होती. एका खाचरात आठ ओळी, ओळीत आठ चुडं, म्हणजे दोन-तीन रोपांचे झुबके, अशी चौसष्ट चुडं लावायची. रोपं वाढली की वर प्लास्टिकचं छत टाकून खाचरातलं पाणी काढायचं. रोपाला तहान लागली की मूळ मुकादम हाका मारायला लागतो हे माहीत होतं. नक्कल बोलते का, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी ठरलेल्या मिनिटाला पानाचा तुकडा कापायचा आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचा. मॅडम स्टॉपवॉच घेऊन उभ्या असायच्या. मला एक सेकंद जास्त लागला तर तो नमुना बाद.

"पान तोडलं की पानाला कळतं," त्या म्हणायच्या. "मग ते जे बोलतं ते तोडण्याबद्दल बोलतं. ते आपल्याला नको. कळायच्या आत गोठवायचं."

माणसांनाही त्यांनी हाच नियम लावला होता. सरळ प्रश्न त्या कुणालाच विचारत नसत. मी जेवले का हे हवं असेल तर डबा उचलून वजन बघायच्या.

लावणीला डोंगरावरच्या वाडीतून हिराबाई यायची. पन्नाशीची, सडपातळ, बोलायला तुटक. लावणी झाली तेव्हा बरंच रोप उरलं. हिराबाई म्हणाली, "म्याडम, कोपऱ्याला चार मुठी ऱ्हाऊ द्या." मॅडमनी बांधावरच वही उघडली. उरलेलं रोप हिला कशाला हवंय? संध्याकाळच्या आत सगळं रोप त्यांनी स्वतःसमोर खड्ड्यात पुरायला लावलं, वर चुना. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. भात मला ताटातूनच माहीत होता.

त्यानंतर आठवड्याभरात माझ्या बहिणीचा साखरपुडा आला. मॅडम पुण्याला बैठकीला गेल्या होत्या. रोज सकाळी उभी चुडं मोजून नोंदवहीत आकडा लिहायचा हे माझं काम. मी दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी येऊन मोजलं तर चौसष्टच्या चौसष्ट उभी. मग काय, मागच्या दोन तारखांपुढेही चौसष्ट लिहिलं. दोन वेगळ्या पेनांनी लिहिलं, एवढी अक्कल मला होती.

पाणी काढलं, नमुने घेतले, नळ्या पुण्याला गेल्या. महिन्याभरानं आकडे आले. एकसष्ट चुडांमध्ये नक्कल गप्प होती. तीन चुडांमध्ये ती बोलत होती, आणि चांगली मोठ्यानं बोलत होती. पुण्याचे साहेब, म्हणजे आमचे प्रकल्पप्रमुख, फोनवर इतके आनंदले की मला पलीकडच्या टेबलाशी ऐकू येत होतं. शोधनिबंध लगेच पाठवायचा, त्यावर पहिलं नाव मॅडमचं, दुसरं माझं. त्या एका नावावर माझा पीएच.डी.चा प्रवेश होणार होता. घरी मी आईला सांगूनही टाकलं.

मॅडमनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "इतकं बरं आपल्याला कोण देतंय?"

त्या दिवसापासून खोलीत श्वास घ्यायची चोरी झाली. फ्रीझरचं कुलूप बदललं. त्याच नमुन्यांची तपासणी पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. तीन चुडं बोलतच होती. एका दुपारी मी आत आले तर मॅडम भिंगाखाली दोन गोष्टी शेजारी ठेवून बघत होत्या: त्या तीन नळ्यांवरचं अक्षर, आणि पहिल्या दिवशी माझ्याकडून लिहून घेतलेला तो कागद. मी आल्याचं कळूनही त्यांनी कागद लपवला नाही. मी बाहेर बांधावर जाऊन उभी राहिले. जीपच्या ड्रायव्हरचं अक्षर नाही, पुण्याच्या लोकांचं नाही, भिंगाखाली फक्त माझं, आडनावासकट.

मग त्यांनी स्वतःचा नियम मोडला. सगळ्यांना छताखाली बोलावून सरळ विचारलं, या खाचरात कुणी काही केलंय का, आणलंय का, नेलंय का. हिराबाई पदर खोचत म्हणाली, "म्या न्हाई काय केलं. आमी कशाला हात लावू?" मी म्हणाले, नोंदी बरोबर आहेत. मॅडमनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि वही मिटली. त्या संध्याकाळी मी राजीनामा लिहिला आणि पर्समध्ये ठेवला. रोज तो पर्समधून घेऊन यायची आणि रोज परत न्यायची.

भात फुलोऱ्यात आला तेव्हाची गोष्ट. मी बांधावर बसले होते, हिराबाई गवत काढत होती. काढता काढता तिसऱ्या ओळीत थांबली आणि एका चुडावरून हात फिरवून म्हणाली, "ताई, ह्ये बगितलंस का? ही तीन चुडं माझ्या घरची हायेत. कशी फुगल्यात बग."

मी काही विचारलं नव्हतं. ती आपणहून सांगत होती. लावणीनंतर आठ दिवसांनी खाचरात जिथे जिथे रोप मेलेलं असतं तिथे नवं खोचायचं, याला नांग्या भरणं म्हणतात. त्यासाठीच कोपऱ्याला चार मुठी रोप राखून ठेवायचं असतं. प्रत्येक भातकऱ्याला हे माहीत असतं, सांगावं लागत नाही. मी साखरपुड्याला होते त्या दिवशी हिराबाई बांधावरून चालली होती. तिला तीन जागा मोकळ्या दिसल्या. कोपऱ्यात रोप नव्हतं, ते चुन्याखाली होतं. मग ती वाडीवर गेली आणि स्वतःच्या खाचरातलं रोप घेऊन आली. तेही आंबेमोहोरच, पण तिच्या सासूच्या सासूपासून घरात राखलेला, उतारावरच्या, पाणी जेमतेम दोन दिवस टिकणाऱ्या तुकड्यात होणारा, तहानेची सवय असलेला.

"अहो, पण मॅडमनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"त्या चोरीचं इचारत हुत्या. म्या काय चोरलं? उलट दिलं की."

चार दिवस मी हे पोटात घेऊन फिरले. सांगावं तर हिराबाईची रोजी जाणार, माझी खोटी नोंद उघडी पडणार, निबंध जाणार आणि त्याच्याबरोबर माझा प्रवेश. न सांगावं तर काहीच होणार नव्हतं. निबंध छापून आला असता आणि वाडीवरचा तांदूळ संस्थेचा म्हणून जगाला माहीत झाला असता. मॅडमवरचा राग त्या दिवसांत मला फार उपयोगी पडला. जी बाई आपल्याला चोर समजते तिला खरं कशाला सांगायचं, असं म्हटलं की झोप लागायची.

पाचव्या दिवशी मॅडम खाचराच्या कडेला उभ्या होत्या. गुडघे दुखत असूनही त्यांना चुडं पुन्हा मोजायची होती. मी मागे उभी. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "चौसष्टच्या चौसष्ट जगली. माझ्या सगळ्या नोकरीत असं कधी झालं नाही."

तो प्रश्न नव्हता. मग मी सगळं सांगितलं, दोन पेनांसकट.

"पेनांचं माहीत होतं," त्या म्हणाल्या. "दुसरं पेन ज्या खोक्यातलं, ते खोकं तू परत आल्यावर उघडलं."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू विचारण्याला उत्तर दिलं असतंस."

तेव्हा माझा तोल गेला. इतके महिने साठलेलं बाहेर आलं. संशय माझ्यावरच का, भिंगाखाली माझंच नाव का, माझ्या जागी दुसऱ्या आडनावाची मुलगी असती तर तिचाही कागद ड्रॉवरमध्ये गेला असता का. मॅडमनी ऐकून घेतलं. खोलीत गेल्या, ड्रॉवर ओढून टेबलावर पालथा केला. ड्रायव्हरचा कागद होता, साहेबांची सही असलेलं पाकीट होतं, हिराबाईचा अंगठा होता. सगळ्यांत वर मॅडमच्या स्वतःच्या अक्षरातला कागद होता, तीनदा लिहिलेला. मग त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. मी पानं उलटत गेले. प्रत्येक पानावर दुसऱ्या रकान्यात तीन-चार नावं, माझंही होतं, बहुतेक वेळा दुसरं. पहिलं सगळीकडे एकच होतं: मी स्वतः.

आडनावाच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी शब्दानं दिलं नाही. माझा संशय त्या दिवशी साफ गेला असंही नाही. तसले संशय एका वहीनं जात नाहीत. पण पर्समधला राजीनामा मी घरी जाऊन फाडला.

मॅडमनी नवं पान उघडलं आणि आडवा हात न धरता लिहिलं. काय झालं: तीन चुडं परकी. कुणामुळे: मी स्वतः. कशावरून: उरलेलं रोप पुरायला लावलं. खाली दुसरं नाव लिहिलं नाही, माझंही नाही आणि हिराबाईचंही नाही.

साहेबांनी खूप समजावून बघितलं. घरचा असला म्हणून काय झालं, आंबेमोहोरच आहे ना, तीन चुडांचा उल्लेख जरा मोघम ठेवू. मॅडम म्हणाल्या, मोघम या शब्दाचा अर्थ मला लिहून द्या आणि खाली सही करा. साहेबांनी सही केली नाही. निबंध मागे घेतला, प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही. कापणीनंतर माझी नोकरी संपली. मॅडमची निवृत्ती तशीही आलीच होती.

त्या आधी एक काम त्यांनी केलं. ती तीन चुडं वेगळी कापली, हातानं झोडली आणि दाणे कागदी पाकिटात भरून पाकीट सील केलं. मी म्हणाले, हेच पेरून पुढचं काम करता येईल की. "न विचारता घेतलेलं आहे," त्या म्हणाल्या आणि डोंगर चढायला लागल्या. तीनदा बसल्या, मी दिलेलं पाणी वास घेऊन प्यायल्या. हिराबाईच्या अंगणात पोचल्यावर पाकीट तिच्या हातात दिलं. "हे तुमचं." हिराबाईनं सील उलटसुलट बघितलं, फोडलं आणि दाणे ओंजळीत ओतून घेतले. मग मॅडम म्हणाल्या, आता रीतसर विचारते, यातली एक मूठ मला द्याल का?

"न्हाई," हिराबाई म्हणाली. "आज मूठ न्याल. उद्या कागूद घिऊन याल की ह्यो तांदूळ तुमचा हाय. खालच्या जमिनी आशाच गेल्या."

मला वाटलं, आता वही निघणार. पण मॅडम हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मीही दिली नसती." आणि उतरताना वाटभर खूश होत्या, आपल्याच माणसाची गाठ पडल्यासारख्या.

मला प्रवेश पुढे दुसरीकडे मिळाला, उशिरा, पण मिळाला. गेल्या वर्षी तिकडच्याच माले गावात एका शेतावर काम होतं तेव्हा वाट वाकडी करून वाडीवर गेले. हिराबाई आता थकली आहे. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. उठताना तिनं थांब म्हटलं, आत गेली, कणगीचं झाकण काढलं आणि मूठभर भात जुन्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिला.

"त्या म्याडमला दे. माझं मला परत आणून दिलं हुतं तिनं. आसं हितं कुनी करत न्हाई."

दुसऱ्याच दिवशी मी पुण्यात मॅडमच्या फ्लॅटवर गेले. त्यांनी दाराच्या भोकातून बघितलं, नाव विचारलं, मग दार उघडलं. टेबलावर फडकं सोडलं. मॅडमनी वाकून वास घेतला. दोन दाणे सोलून तोंडात टाकले, डोळे मिटून चावत राहिल्या. मी वाट बघत होते.

"तिच्याच घरचा कशावरून?"

"माझ्यासमोर कणगीतून काढला. मी तिथे उभी होते."

त्यांनी वही आणली. तीच वही, आता दोऱ्यानं शिवलेली. नवं पान काढलं, पट्टीनं चार रकाने आखले. पहिल्या रकान्यात लिहिलं, हिराबाईनं भात पाठवला. दुसऱ्यात सवयीनं 'मी स्वतः' लिहिलं आणि खोडलं. तिसऱ्यात एक छोटी रेघ मारली. मग चौथ्या रकान्यापाशी थांबल्या, पेन नीट धरलं आणि माझं नाव लिहिलं. माझं, वडिलांचं, आडनाव. न विचारता, एकही काना-मात्रा न चुकता.

मला रडू आलं, आणि ते मला आवरेना. मॅडमनी वही मिटली, चष्मा खाली ओढून माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "आता हे कशाबद्दल?"